लघवीतलं रक्त आणि दुर्बिणीतला उजेड : मूत्राशयाचा कॅन्सर वेळेत ओळखण्यासाठी

नागपुरात एप्रिल लागला की घरोघरी कुणाला तरी 'उन्हाळी' लागते. लघवीला जळजळ, थेंब थेंब होणं, गर्द पिवळा रंग. मग धण्याजिऱ्याचं पाणी, सब्जा, माठातलं गार पाणी, आणि दोनचार दिवसांत माणूस बरा. माझ्या मोठे बाबांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाला, मे महिन्यात लघवीत रक्त दिसलं तेव्हा त्यांनीही हेच निदान करून टाकलं. "काही नाही रे, उन्हाळी लागली असन." जळजळ नव्हती, दुखत नव्हतं, तापही नव्हता. दोन दिवसांत लघवी स्वच्छ झाली आणि ते विसरून गेले. सप्टेंबरात पुन्हा रक्त. घराजवळच्या एका दवाखान्यात अँटिबायोटिकचा कोर्स मिळाला आणि रक्त थांबलं. डिसेंबरात तिसऱ्यांदा आलं, तेव्हा त्यांनी मला सांगितलं.

मी युरॉलॉजीच्या, म्हणजे मूत्रविकारांच्या, ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियन आहे. दुर्बीण (मूत्रमार्गातून आत घालून मूत्राशय पाहायची नळी) जोडणं, लाइटची केबल तपासणं, कॅमेऱ्यासमोर पांढरं गॉज धरून रंग जुळवून घेणं, सलाइनची बाटली किती उंच टांगायची ते पाहणं, हे माझं रोजचं काम. लघवीच्या पिशवीचं, म्हणजे मूत्राशयाचं, अस्तर मी दर आठवड्याला पडद्यावर पाहतो. आणि माझ्याच घरात सात महिने वाया गेले.

म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. उपचार काय करायचे हे तुमचे युरॉलॉजिस्टच ठरवतील. पण दुर्बिणीच्या खोलीत कोणत्या उजेडात काय दिसतं, काय निसटतं, आणि तिथे पोचण्याआधी व नंतर घरच्यांनी काय करायचं, हे मला सांगता येईल.

पहिली पायरी : रक्ताला रक्तच म्हणा

लघवीत एकदाही डोळ्यांना रक्त दिसलं आणि दुखलं नाही, तर ते जास्त गंभीर समजा. आपल्याकडे नेमकं उलट होतं. दुखलं तर माणूस धावतो, दुखलं नाही तर थांबतो. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सर्वांत नेहमीचं लक्षण म्हणजे न दुखता येणारं आणि आपोआप थांबणारं रक्त. गाठीच्या पृष्ठभागावरची नाजूक रक्तवाहिनी फुटते, रक्त येतं, मग ती बंद होते. गाठ तिथेच राहते. मधल्या काळात घेतलेलं औषध, काढा किंवा बार्लीचं पाणी यांना उगाच श्रेय मिळतं.

विदर्भात दुसरी पळवाट मुतखड्याची. आपल्या भागात उन्हाळा कडक, घाम जास्त, पाणी कमी, त्यामुळे खडा घरोघरी ओळखीचा. खड्यानेही रक्त येतं हे खरं, पण त्यासोबत बहुधा कमरेतून जांघेकडे उतरणारी कळ असते. सोनोग्राफीत खडा दिसला म्हणून रक्ताचा हिशेब पूर्ण झाला असं धरू नका. एकाच माणसाला खडा आणि गाठ दोन्ही असू शकतात.

रंगाची खात्री करायला हरकत नाही. बीट खाल्ल्यावर लघवी गुलाबी होते, टीबीच्या रिफॅम्पिसिनने नारिंगी होते. पण बीट खाल्लं नसताना लघवी लाल, किंवा चहासारखी तपकिरी, किंवा रक्ताच्या गाठी पडलेली दिसली, तर पांढऱ्या वाटीत धरून दिवसाच्या उजेडात मोबाइलवर फोटो काढा. तारीख आपोआप नोंदली जाते. ओपीडीत "कधी आलं होतं, कसं होतं?" हा पहिला प्रश्न असतो आणि निम्मे पेशंट तिथेच गोंधळतात.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर "गोळीमुळे आलं असेल" म्हणून सोडू नका. गोळीने रक्त लवकर सुटतं, पण ते कुठून सुटलं हे शोधावंच लागतं. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

बायकांबद्दल मला वेगळं लिहायचं आहे. हा कॅन्सर पुरुषांत तीन ते चार पट जास्त आढळतो, पण बायकांमध्ये तो उशिरा सापडतो. कारण रक्त दिसलं की आधी पाळी, मग पाळी जाण्याचं वय, मग 'इन्फेक्शन' अशी कारणांची रांग लागते. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बाईला वर्षात दोनतीनदा 'इन्फेक्शन' सांगून औषध दिलं गेलं आणि लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडले नाहीत, तर काकू, मावशी, आई जी कुणी असेल तिला हाताला धरून युरॉलॉजिस्टकडे न्या. ती स्वतः जाणार नाही. घरातली कामं तिला नेहमीच आधी दिसतात.

धोका कुणाला जास्त? सर्वांत आधी बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना. निम्म्याच्या आसपास रुग्णांत तंबाखूचा धूर हेच कारण असतं. धुरातली रसायनं रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतात, आणि लघवी तासन् तास पिशवीत साठून राहते, म्हणून मार अस्तराला बसतो. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणारे विचारतात, "आम्ही तर ओढत नाही जी." खर्र्याने तोंडाचं काय होतं ते नागपूरला सांगायला नको. मूत्राशयाच्या बाबतीत मात्र सर्वांत भक्कम पुरावा धुराचा आहे. दुसरा मोठा धोका रंग, रबर, चामडं यांच्या कामातल्या काही रसायनांचा. बेंझिडीन आणि नॅप्थिलअमाइन ही त्यातली कुप्रसिद्ध नावं. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत किंवा आणखी कुठे असं काम वीस-तीस वर्षांपूर्वी केलं असेल, तरी डॉक्टरांना सांगा. या रोगाला वर यायला तितका काळ लागू शकतो.

दुसरी पायरी : दुर्बिणीच्या आधीच्या तपासण्या, आणि त्यांच्यावर किती विसंबायचं

लघवीची साधी तपासणी आणि कल्चर आधी होतं. सूक्ष्मदर्शकाखाली एका क्षेत्रात तीन किंवा जास्त लाल पेशी दिसल्या, तर डोळ्यांना लघवी स्वच्छ दिसत असली तरी रक्त आहे असं धरतात. कल्चरचं महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. जंतुसंसर्ग असताना दुर्बीण टाकली तर तो अंगात पसरू शकतो, शिवाय सुजलेलं अस्तर प्रत्येक उजेडात संशयास्पद दिसतं. म्हणून आधी इन्फेक्शन पूर्ण बरं करतात.

लघवीतल्या पेशींची तपासणी, म्हणजे सायटोलॉजी, आक्रमक जातीच्या कॅन्सरमध्ये चांगली उपयोगी पडते. मंद जातीच्या गाठीच्या पेशी जवळजवळ निरोगी पेशींसारख्याच दिसतात, त्यामुळे तिथे ती चुकते. नमुना देताना सकाळची पहिली लघवी देऊ नका. रात्रभर साठलेल्या लघवीत पेशी खराब झालेल्या असतात. दुसऱ्या वेळची ताजी लघवी द्या आणि लगेच लॅबमध्ये पोचवा.

सोनोग्राफीला पिशवी पूर्ण भरलेली हवी. गोंदिया किंवा चंद्रपूरहून गाडीने आलेली माणसं स्टेशनवरच मोकळी होऊन येतात आणि मग सेंटरवर दोन तास पाणी पीत बसतात. निघतानाच बाटली सोबत ठेवा. सोनोग्राफीत मोठी गाठ दिसते, काही मिलिमीटरची निसटू शकते, आणि अस्तरावर सपाट पसरलेला कॅन्सर तर दिसतच नाही. 'सोनोग्राफी नॉर्मल' या दोन शब्दांवर थांबलेले किती पेशंट मी वर्षभराने टेबलावर पाहिले आहेत, त्याचं मला वाईट वाटतं. डोळ्यांना रक्त दिसलेल्या प्रौढ माणसाला मूत्रपिंड आणि मूत्रनलिकांसाठी स्कॅन आणि पिशवीसाठी दुर्बीण, ही दोन्ही लागतात.

तिसरी पायरी : पांढऱ्या उजेडातली पहिली फेरी

आत उजेड नेऊन पिशवी पाहण्याची कल्पना जुनी आहे. माक्स नित्झे या जर्मन डॉक्टरने 1877 मध्ये आपली दुर्बीण दाखवली. तिच्या टोकाला विजेने तापून उजळणारी प्लॅटिनमची तार होती आणि ती गार ठेवायला पाणी खेळवावं लागे. आज बाहेरच्या लाइट सोर्समधून केबलने थंड उजेड आत जातो आणि चित्र पडद्यावर येतं.

बाह्यरुग्ण तपासणीसाठी बहुधा वाकणारी दुर्बीण वापरतात. तिची जाडी साधारण 16 फ्रेंच असते. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, तेव्हा पाच मिलिमीटरच्या थोडी वर. आधी मूत्रमार्गात बधिर करणारी लिग्नोकेन जेली घालतात. ती घातल्यावर पाच-दहा मिनिटं थांबणं गरजेचं आहे. गर्दीच्या दिवशी हीच मिनिटं कापली जातात. तुम्हाला जेली लगेच टोचल्यासारखी वाटली आणि कुणी घाई केली, तर "जरा थांबा ना डॉक्टर" असं म्हणायला संकोच करू नका. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. भूल देऊन किंवा कमरेत इंजेक्शन देऊन सरळ दुर्बिणीने करायचं असेल तर मात्र उपाशी राहावं लागतं. ते आदल्या दिवशीच विचारून घ्या.

आत गेल्यावर चांगला सर्जन ठरलेल्या क्रमाने फिरतो. पुरुषांत आधी मूत्रमार्ग आणि प्रोस्टेटचा भाग, मग पिशवीच्या तळाचा त्रिकोण, दोन्ही बाजूंची मूत्रनलिकेची तोंडं आणि त्यांतून येणारी लघवी स्वच्छ आहे की लाल, मग मागची भिंत, दोन्ही बाजू, घुमट. घुमटाजवळ हवेचा एक बुडबुडा तरंगतो, तो आमचा ध्रुवतारा. त्यावरून वर-खाली कळतं. समोरची भिंत आणि पिशवीची मान सर्वांत फसवी. त्यासाठी ओटीपोट बाहेरून थोडं दाबतात आणि वाकणारी दुर्बीण पूर्ण मागे वळवून स्वतःच्या मानेकडे बघतात. संबंध फेरीला पाच-दहा मिनिटं पुरतात.

पांढऱ्या उजेडात फुलकोबीसारखी किंवा पाण्यातल्या शेवाळासारखी डोलणारी गाठ सहज दिसते. अडचण दोन ठिकाणी येते. एक, मोहरीएवढ्या लहान गाठी, विशेषतः मोठ्या गाठीच्या आडोशाला असलेल्या. दोन, 'सीआयएस' नावाचा सपाट कॅन्सर. तो उंच वाढत नाही, अस्तरावरच पसरतो, फार तर मखमलीसारखा लालसर चट्टा दिसतो. इन्फेक्शनचा चट्टाही तसाच दिसतो. पण जात आक्रमक असते, आणि सोडून दिला तर तो स्नायूत उतरू शकतो. इथून पुढची सगळी उजेडाची विद्या मुख्यतः या दोन अडचणींसाठी आहे.

चौथी पायरी : उजेड बदलून दुसरी फेरी

नॅरो बँड इमेजिंग, म्हणजे एनबीआय, समजायला घरी एक प्रयोग करा. पांढऱ्या कागदावर लाल पेनाने बारीक रेघ ओढा. खोली अंधारी करून मोबाइलच्या टॉर्चवर निळा जिलेटीन कागद गुंडाळा आणि कागदावर उजेड टाका. लाल रेघ काळी दिसेल, कारण निळा उजेड तिच्याकडून परत येत नाही. रक्ताचंही तेच आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन 415 आणि 540 नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड फार शोषतं. एनबीआयमध्ये पांढऱ्या उजेडातून हेच दोन अरुंद पट्टे ठेवतात. 415चा निळा उजेड वरवरच थांबतो, त्यामुळे पृष्ठभागावरच्या केशवाहिन्या तपकिरी उमटतात. 540चा हिरवा थोडा खोल जातो, त्यात खालच्या शिरा निळसर-हिरव्या दिसतात. वाढणाऱ्या गाठीला रक्त लागतं, म्हणून तिच्यात बारीक वाहिन्यांचं दाट जाळं असतं. फिकट अस्तरावर ती तपकिरी ठिपक्यासारखी उठून दिसते.

यात पिशवीत कोणतंही औषध घालावं लागत नाही. दुर्बिणीच्या कॅमेऱ्यावरचं बटण दाबलं की उजेड बदलतो. आमच्या भागातल्या पेशंटसाठी म्हणूनच मला हा सर्वांत व्यवहार्य वाटतो. पण बटण दाबणं म्हणजे एनबीआय करणं नव्हे. आधी पांढऱ्या उजेडात पूर्ण फेरी, मग एनबीआयमध्ये पुन्हा पूर्ण फेरी, असा क्रम हवा. पिशवीत रक्त मिसळलेलं पाणी असेल तर एनबीआयमध्ये सगळं अंधारतं, कारण तो उजेड रक्तच पिऊन टाकतं. म्हणून आधी स्वच्छ धुऊन घ्यावं लागतं. गाठ कापायला सुरुवात केल्यावर हा उजेड फारसा कामाचा राहत नाही. तो कापण्याच्या आधीच वापरायचा, आणि शेवटी कडा तपासायला रक्त थांबल्यावर.

मोठे बाबांच्या वेळी पडद्याजवळ मीच उभा होतो. पांढऱ्या उजेडात डाव्या मूत्रनलिकेच्या तोंडाजवळ एक छोटी गाठ दिसली, वाटाण्याएवढी. सरांनी बटण दाबलं. मागच्या भिंतीवर, जिथे मला क्षणापूर्वी काहीच दिसलं नव्हतं, तिथे रुपयाच्या नाण्याएवढा तपकिरी चट्टा उमटला. पुन्हा पांढरा उजेड केला तर तिथे फक्त किंचित लाली होती, नजर सरकून जाईल अशी. दोन्हींचे तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत गेले. चट्ट्याचा रिपोर्ट सीआयएस आला.

दुसरा प्रकार निळ्या प्रकाशाचा. इतवारीच्या व्यापाऱ्याकडे नोट तपासायचा निळा-जांभळा दिवा पाहिला असेल. नोटेवरची एरवी न दिसणारी खूण त्याखाली चमकते. इथेही तसंच, फक्त चमकणारा पदार्थ आपणच तयार करवून घेतो. तपासणीच्या तासभर आधी एका बारीक नळीने हेक्झामिनोलेव्हुलिनेट नावाचं औषध पिशवीत सोडतात, 50 मिलिलिटर द्रावणात 85 मिलिग्रॅम, आणि ते तासभर धरून ठेवायला सांगतात. पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन नावाचा पदार्थ बनवतात. निरोगी पेशी त्याचं पुढे हीममध्ये रूपांतर करतात, कॅन्सरच्या पेशींत तो साठत जातो. मग निळा प्रकाश टाकला की गाठ निखाऱ्यासारखी लाल-गुलाबी चमकते आणि भोवतीचं अस्तर निळं राहतं. सीआयएस पकडण्यात ही पद्धत पांढऱ्या उजेडापेक्षा स्पष्ट सरस आहे. अमेरिकेच्या एफडीएने तिला 2010 मध्ये मान्यता दिली.

पण तयारी जास्त लागते. औषध, त्यासाठीचा वेगळा लाइट सोर्स आणि कॅमेरा, तासभर लघवी रोखण्याची क्षमता. प्रोस्टेटच्या त्रासाने ज्याला अर्धा तासही धरवत नाही त्याने हे आधी सांगावं. पॉर्फिरिया नावाचा आजार असेल किंवा पिशवीतून खूप रक्त जात असेल तर ही पद्धत वापरत नाहीत. ती फसवतेही. सूज, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गेल्या तीन महिन्यांत पिशवीत सोडलेलं बीसीजी हे औषध (त्याबद्दल पुढे), या सगळ्यांनी निरोगी जागाही चमकते. दुर्बीण भिंतीला तिरपी धरली तरी खोटी लाली दिसते. जास्त वेळ उजेड टाकत राहिलं तर खरी चमकसुद्धा विझत जाते.

या दोन्हींबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण जाहिरातीत ती येत नाही. जास्त गाठी सापडणं आणि रोग परत न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमधल्या 22 रुग्णालयांत 538 रुग्णांवर 'फोटो' नावाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. निळ्या प्रकाशात गाठ काढलेल्या आणि साध्या उजेडात काढलेल्या रुग्णांत तीन वर्षांत रोग परत येण्याच्या प्रमाणात ठळक फरक पडला नाही. इतर अभ्यासांचे एकत्रित आढावे काही फायदा दाखवतात. एनबीआयच्या मोठ्या चाचणीत फायदा मुख्यतः कमी धोक्याच्या रुग्णांत दिसला. माझं मत असं, की खास उजेड मिळत असेल तर तो जरूर मागावा, विशेषतः सायटोलॉजीत कॅन्सरच्या पेशी आहेत पण पांढऱ्या उजेडात काहीच दिसत नाही अशा वेळी, किंवा आधी सीआयएस निघालं असेल तेव्हा. पण खास उजेडाच्या शोधात मुंबई-हैदराबादच्या तारखेची वाट पाहत दोन महिने घालवू नयेत. नीट, सावकाश, सगळ्या कोपऱ्यांतून केलेली साधी तपासणी या आठवड्यात होत असेल तर ती आधी करून घ्या.

नागपुरात धंतोली-रामदासपेठेत पावलोपावली युरॉलॉजी आहे. सरकारी मेडिकल कॉलेजला जोडलेलं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल, मिहानमधलं एम्स, तुकडोजी चौकाजवळचं कॅन्सर हॉस्पिटल आणि जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट हेही पर्याय आहेत. कुठेही जा, फोन करून तीन गोष्टी विचारा. दुर्बिणीत एनबीआय किंवा तशी दुसरी सोय आहे का? ती नेहमी वापरली जाते का? तपासणीचं रेकॉर्डिंग मिळेल का? यातला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. यंत्र असणं आणि त्यात पाहायची नजर तयार होणं यात बराच सराव जातो.

आणखी बारीक पाहणारे उजेड

शुगरच्या पेशंटनी डोळ्यांच्या दवाखान्यात 'ओसीटी' केलेली असते. डोळ्यातल्या पडद्याचे थर त्यात दिसतात. तेच तंत्र बारीक नळीतून पिशवीच्या भिंतीला टेकवता येतं. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सुमारे दोन मिलिमीटर आत जातो आणि अस्तर, त्याखालचा थर, स्नायू असे पदर वेगवेगळे उमटतात. पदरांच्या सीमा पुसल्या गेल्या असतील तर गाठ खाली उतरल्याचा संशय येतो. कॉन्फोकल लेसर नावाच्या तंत्रात फ्लुरेसीन हा चमकणारा रंग वापरून जिवंत पेशीच पडद्यावर पाहतात, पण अगदी वरच्या थरापुरत्या आणि एका वेळी इवल्याशा जागेतल्या. दोन्ही अजून रोजच्या वापरात नाहीत. संगणकाला हजारो चित्रं दाखवून गाठ ओळखायला शिकवण्याचं कामही चालू आहे.

रामन वर्णपटाचा उल्लेख नागपूरकर म्हणून केल्याशिवाय राहवत नाही. पदार्थावर लेसर टाकला की परत येणाऱ्या प्रकाशाचा काही अंश रंग बदलून येतो, आणि त्या बदलावरून रेणू ओळखता येतात. कॅन्सरच्या पेशीचा हा ठसा निरोगी पेशीपेक्षा वेगळा असतो आणि मूत्राशयासाठीही त्याचे प्रयोग झाले आहेत. ज्यांनी 1928 मध्ये हा परिणाम शोधला ते सी. व्ही. रामन 1910 च्या सुमारास सरकारी वित्त खात्याच्या नोकरीत काही महिने नागपुरात होते. गांधीसागरजवळच्या रामन विज्ञान केंद्रात मुलांना नेलं तर हे जरूर सांगा.

पाचवी पायरी : तुकडा आणि रिपोर्ट

कोणताही उजेड कॅन्सर 'सिद्ध' करत नाही. तो जागा दाखवतो. निदान होतं ते तुकड्याच्या तपासणीतून. गाठ असेल तर भूल देऊन दुर्बिणीतूनच ती खरवडून काढतात, त्याला टीयूआरबीटी म्हणतात. बाहेरून चिरा नाही, टाके नाहीत.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात आला की तीन गोष्टी शोधा. गाठ मंद जातीची की आक्रमक जातीची, किती खोल गेली, आणि तुकड्यात स्नायू आला आहे का. तिसरी गोष्ट बहुतेक नातेवाईक वाचतच नाहीत. तुकड्यात स्नायूच नसेल तर रोग स्नायूत उतरला की नाही हे सांगता येत नाही, आणि अशा वेळी बहुधा दोन ते सहा आठवड्यांत दुसऱ्यांदा दुर्बिणीने खरवडून पाहतात. डॉक्टरांनी 'परत करावं लागेल' म्हटलं की घरचे घाबरतात किंवा पैशासाठी सांगतात असं समजतात. गाठ टी-वन (अस्तराखालच्या थरात शिरलेली, पण स्नायूपर्यंत न पोचलेली) असेल किंवा स्नायू नसेल तर हा सल्ला योग्यच आहे.

पाश्चात्त्य देशांच्या नोंदींत निदानाच्या वेळी साधारण चारपैकी तीन रुग्णांचा रोग स्नायूपर्यंत पोचलेला नसतो. तेवढ्यात सापडला तर पिशवी वाचवता येते. गाठ काढल्यावर 24 तासांच्या आत पिशवीत औषधाचा एक डोस देतात, आणि जास्त धोक्याच्या रुग्णांना बीसीजी. होय, बाळाला टीबीसाठी देतात तीच बीसीजी. ती नळीने पिशवीत सोडतात, सुरुवातीला आठवड्याला एक अशी सहा वेळा.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांची चौकशी दाखल होण्याआधीच करा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथे आधी जा. तुमच्या उपचाराला लाभ मिळतो की नाही ते लेखी विचारून घ्या.

घरी आल्यावर एकदोन दिवस जळजळ आणि गुलाबी लघवी चालते. भरपूर पाणी प्या. थंडी वाजून ताप आला, लघवी अडकली किंवा रक्ताच्या गाठी पडायला लागल्या तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

सहावी पायरी : पुन्हा पुन्हा पाहणं

या रोगाचा स्वभाव परत येण्याचा आहे, म्हणून इथेच सर्वांत जास्त माणसं हातची जातात. गाठ निघाली, लघवी स्वच्छ झाली, पेरणीचे दिवस आले आणि तारीख चुकली. पहिली तपासणी तीन महिन्यांनी, ती कुणाचीही चुकता कामा नये. कमी धोक्याच्या गाठीत ती साफ निघाली तर पुढची बारा महिन्यांवर आणि मग वर्षातून एकदा, पाच वर्षांपर्यंत. जास्त धोक्याच्या रोगात पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, मग पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी, नंतर दरवर्षी. नेमका क्रम तुमचे डॉक्टर रिपोर्टवरून ठरवतील. बिडी-सिगारेट मात्र आजच बंद, त्याला तारीख नाही.

प्रत्येक वेळी रेकॉर्डिंग मागा आणि रिकामी पेनड्राइव्ह सोबत न्या. डॉक्टरांकडून पिशवीचा कच्चा नकाशा कागदावर काढून घ्या, गाठ कुठे होती, चट्टा कुठे होता, कोणत्या उजेडात दिसला. बीसीजीनंतरच्या लालीत नवं काय आणि जुनं काय हे ठरवताना मागच्या वेळचं चित्र शेजारी असलं तर सर्जनचं काम फार सोपं होतं. दवाखाना बदलला तरी पॅथॉलॉजीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे मिळतात, ते सांभाळा.

मोठे बाबांचं हे चौथं वर्ष आहे. मोठी आईने कॅलेंडरवर पोळ्यानंतरच्या सोमवारी लाल गोल केला आहे, आणि त्याखाली लिहिलं आहे, 'दुर्बीण, सकाळी 9, पेनड्राइव्ह'.